विमान ठीक आहे, हे कोणी सांगायचे?

वसई रोड स्थानकापासून अंधेरी रेल्वेने सुमारे ३० किलोमीटर. तेथून मुंबईचा विमानतळ अगदी जवळ. त्यामुळे वसई-विरारच्या मुलांना विमानाचे तसे फार अप्रूप नसते. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभे राहून वर पाहिले, तरी विमाने जाताना दिसतात. पण कधी विमान जमिनीवर, जवळून पाहण्याची संधी मिळाली, तर त्याच्या शेपटाकडच्या भागावर रंगवलेली अक्षरे जरूर वाचा. आपल्या देशात नोंदलेल्या विमानावर आधी 'व्हीटी' आणि मग आणखी तीन अक्षरे असतात. अमेरिकेच्या विमानावर 'एन' असतो, ब्रिटनच्या विमानावर 'जी', जर्मनीच्या 'डी', जपानच्या 'जेए' आणि संयुक्त अरब अमिरातीच्या विमानावर 'ए६'. मोटारीला जशी नंबराची पाटी, तशी ही विमानाची पाटी.

आता समजा, मुंबईच्या विमानतळावर एकाच कारखान्यात बनलेली, एकाच नमुन्याची दोन विमाने शेजारी शेजारी उभी आहेत. एकावर 'व्हीटी' आहे, दुसऱ्यावर 'एन'. दोघांचेही एकेक चाक बदलायचे आहे. त्या नमुन्याच्या विमानासाठी आपल्या सरकारचा परवाना मिळवलेला एक अनुभवी अभियंता तेथे हजर आहे. चाके सारखी, पाने सारखे, काम कसे करावे हे सांगणारे पुस्तकही तेच. तरीसुद्धा काम संपल्यावर 'हे विमान उड्डाणास योग्य आहे' अशी सही तो पहिल्या विमानासाठी करू शकतो. दुसऱ्यासाठी केवळ आपल्या परवान्याच्या जोरावर करू शकत नाही. दोन्ही विमाने भारताच्याच भूमीवर उभी आहेत, मग असे का?

कारण सही कोणी करायची हे विमान कोठे उभे आहे यावर ठरत नाही, तर ते कोणत्या देशाच्या नोंदवहीत आहे यावर ठरते. आणि प्रत्येक देशाने हा अधिकार आपापल्या पद्धतीने वाटला आहे.

पाना एकाचा, सही दुसऱ्याची

नाक्यावरच्या गॅरेजमधील मिस्त्रीला स्कूटर दुरुस्त करण्यासाठी परवाना लागत नाही. स्कूटर वाटेत बंद पडली, तर ती ढकलत घरी नेता येते. विमान मात्र आकाशात थांबवून बाजूला घेता येत नाही. त्यात बसलेल्या शेकडो माणसांना नट-बोल्ट तपासण्याची सोय नसते. ती विश्वासावर बसतात. हा विश्वास कोणाच्या तरी नावावर असावा लागतो.

म्हणून विमानाच्या कामात दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. एक म्हणजे प्रत्यक्ष काम करणे. दुसरी म्हणजे झालेले काम तपासून, त्याची जबाबदारी स्वतःवर घेऊन सही करणे. हँगरमध्ये पाना चालवणारे हात पुष्कळ असतात; त्यांत शिकाऊ असतात, तंत्रज्ञ असतात. सहीचा अधिकार मात्र मोजक्यांनाच असतो. ही सही झाल्याशिवाय विमान प्रवासी घेऊन उडू शकत नाही. परवाना असतो तो या सहीसाठी.

या सहीचे मोल किती, हे एका उदाहरणावरून पाहू. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे निघाले. ते १७,३०० फूट उंचीवर असताना मुख्य वैमानिकासमोरची काच एकाएकी निखळून बाहेर उडाली. एवढ्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या जवळपास निम्मा असतो, आणि विमानाच्या आत मात्र दाब मुद्दाम वाढवून ठेवलेला असतो. आतली हवा जोराने बाहेर धावली आणि तिच्याबरोबर वैमानिकही कमरेपर्यंत खिडकीबाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला पाय धरून ठेवले. सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले. विमानातील सर्व ८७ जण, तो वैमानिकसुद्धा, वाचले.

चौकशीत काय आढळले? उड्डाणाच्या आदल्या दिवशी, पहाटेपूर्वीच्या पाळीत, ती काच बदलली होती. ती ९० बोल्टांनी बसवलेली होती, आणि त्यांपैकी ८४ बोल्टांचा व्यास हवा होता त्यापेक्षा ०.०२६ इंच, म्हणजे सुमारे ०.६६ मिलिमीटर कमी होता. जुना बोल्ट हातात धरून, नजरेने जुळवून नवे बोल्ट निवडले होते. भागांच्या यादीत क्रमांक पाहिला नव्हता. त्या विमानात काच बाहेरच्या बाजूने बसवलेली असे. त्यामुळे आतल्या दाबाचा सगळा रेटा बोल्टांवरच येई. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काम करणारा आणि सही करणारा माणूस एकच होता. काच बसवण्याच्या कामाला दुसऱ्याने तपासण्याची सक्ती तेव्हाच्या नियमांत नव्हती.

तो माणूस अडाणी नव्हता. तो अनुभवी होता, परवानाधारक होता, पाळीचा प्रमुख होता. तेव्हा प्रश्न असा उरतो की, परवाना देताना माणसाकडून नेमके काय मागावे? याच प्रश्नाची निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

शिकागोचा करार

विमाने देशांच्या सीमा ओलांडू लागली, तेव्हा काहीतरी समान नियम हवे झाले. ७ डिसेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात एका आंतरराष्ट्रीय करारावर सह्या झाल्या. या करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना जन्मास आली. १९४७ पासून ती काम करते आहे आणि तिचे मुख्य कार्यालय कॅनडातील मॉन्ट्रियल येथे आहे. भारत तिचा सभासद आहे.

या कराराला अनेक परिशिष्टे जोडलेली आहेत. त्यांपैकी पहिले परिशिष्ट परवान्यांविषयी आहे. गंमत अशी की, विमानाची देखभाल करणाऱ्याला काय म्हणावे याबाबतही ते एका शब्दावर थांबत नाही. 'तंत्रज्ञ, अभियंता किंवा मेकॅनिक' असे तीन शब्द एकापुढे एक देऊन त्यांतला हवा तो वापरण्याची मोकळीक ते देते. अमेरिका त्याला मेकॅनिक म्हणते. भारत, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया त्याला अभियंता म्हणतात. काम तेच, पाटी वेगळी!

परिशिष्टाने किमान अटी घातल्या आहेत. परवाना मागणाऱ्याचे वय १८ वर्षे पूर्ण हवे. त्याला ४ वर्षांचा अनुभव हवा. मान्यताप्राप्त शिक्षणक्रम पुरा केला असेल, तर २ वर्षांचा पुरतो. कायदे, विज्ञान, विमानाची रचना, देखभाल आणि मानवी क्षमता व मर्यादा यांचे ज्ञान हवे. हा पाया झाला. यावर इमारत कशी बांधायची, ते ज्याचे त्याने ठरवायचे.

अमेरिका : सांगाडा आणि इंजिन

राइट बंधूंचे नाव सर्वांना माहीत असते. पण १९०३ मध्ये उडालेल्या त्यांच्या विमानाचे इंजिन बनवणारा चार्ल्स टेलर फारसा कोणाला ठाऊक नसतो. राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानातील या कारागिराने अवघ्या सहा आठवड्यांत ते इंजिन उभे केले. त्याच्याजवळ कोणताही परवाना नव्हता, कारण परवाना देणारेच कोणी नव्हते. पुढे १९२६ मध्ये अमेरिकेने हवाई वाणिज्य कायदा केला आणि वैमानिकांबरोबर मेकॅनिकांनाही सरकारी परवाने मिळू लागले. टेलरचा जन्मदिवस, २४ मे, हा आज तेथे विमान-तंत्रज्ञांचा दिवस म्हणून पाळला जातो.

अमेरिकेने विमानाचे दोन भाग कल्पिले : सांगाडा आणि इंजिन. एका भागाचे प्रमाणपत्र हवे असेल, तर १८ महिन्यांचा अनुभव लागतो. दोन्हींचे हवे असेल, तर ३० महिन्यांचा. अनुभवाऐवजी मान्यताप्राप्त शाळेत शिकले तरी चालते. या शाळांत दोन्ही भागांसाठी किमान १,९०० तास शिकवले पाहिजे, असा नियम पूर्वी होता. २०२२ मध्ये तासांचे हे बंधन काढून टाकण्यात आले. परीक्षा लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक अशा तिन्ही प्रकारची असते आणि उत्तीर्ण होण्यास ७० टक्के गुण लागतात.

हे प्रमाणपत्र एकदा मिळाले की त्याला मुदत नसते. त्यावर विमानाच्या नमुन्याचेही नाव नसते. नियम एवढाच की, जे काम आपण पूर्वी कधी नीट पार पाडलेले नाही, त्यावर सही करायची नाही. दिशादर्शक किंवा उंचीमापक यांसारखी उपकरणे उघडून दुरुस्त करण्याचा अधिकारही या मेकॅनिकला नसतो.

अमेरिकेत आणखी एक प्रकार आहे. मान्यताप्राप्त दुरुस्ती केंद्रात विशिष्ट कामात तरबेज असलेल्या माणसाला त्या केंद्राच्या शिफारशीवरून 'दुरुस्तीकारा'चे प्रमाणपत्र मिळते. ते त्या केंद्रातील नोकरीपुरतेच चालते. नोकरी सोडली की त्याचा उपयोग संपला. म्हणजे येथे विश्वास एकट्या माणसावर नाही, तर माणूस आणि संस्था या जोडीवर आहे.

युरोप आणि भारत : अ, ब, क

इंग्रजी अमदानीत आपल्याकडे ब्रिटिश वळणाची पद्धत आली. ब्रिटनमध्ये या लोकांना 'ग्राउंड इंजिनिअर' म्हणत, आणि परवान्यांना अक्षरे होती. त्यांतला 'सी' परवाना इंजिनांसाठी होता. तो १९२९ मध्ये मिळवणारी पहिली स्त्री म्हणजे एमी जॉन्सन. पुढच्याच वर्षी, मे १९३० मध्ये, ती लंडनजवळच्या क्रॉयडनहून एकटी विमान चालवत ऑस्ट्रेलियातील डार्विनला पोहोचली. वाटेत आपल्या झाशी, अलाहाबाद आणि कलकत्ता येथे ती उतरली होती. वाटेत विमान बिघडले तर दुरुस्ती करणे तिला ठाऊक होते. तिचा तो परवाना शोभेचा नव्हता.

२०११ नंतर भारताने जुनी रचना सोडून युरोपच्या धर्तीवरची नवी रचना स्वीकारली. हे काम दिल्लीचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय पाहते. सर्वांवरचा कायदा पूर्वी १९३४ चा होता. त्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली आहे.

या रचनेत परवान्याचे मुख्य प्रकार असे आहेत. 'ए' वर्गाचा माणूस विमानतळावरची किरकोळ, ठरावीक कामे करतो आणि फक्त स्वतः केलेल्या कामावर सही करतो. 'बी-१' वर्गाकडे सांगाडा, इंजिन, यांत्रिक आणि विद्युत यंत्रणा असतात. त्यातही विमान की हेलिकॉप्टर, आणि इंजिन टर्बाइनचे की दट्ट्याचे, असे चार पोटप्रकार आहेत. 'बी-२' वर्गाकडे रेडिओ, दिशादर्शन, स्वयंचलित उड्डाण अशा इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असतात. विमान हँगरमध्ये नेऊन मोठी तपासणी केल्यावर, 'बी' वर्गाच्या लोकांनी आपापली कामे पुरी झाल्याचे सांगितले की, संपूर्ण विमानासाठी सही करतो तो 'सी' वर्गाचा.

अमेरिकेपेक्षा मोठा फरक पुढे आहे. येथे नुसता वर्ग पुरत नाही. मोठ्या विमानांसाठी परवान्यावर विमानाच्या नमुन्याची नोंद लागते. एअरबस ए-३२० ची नोंद असलेल्याने बोईंग ७३७ वर सही करायची नाही, त्यासाठी वेगळे शिक्षण आणि वेगळी नोंद. युरोपात उत्तीर्ण होण्यास ७५ टक्के गुण लागतात आणि परवाना ५ वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो.

कॅनडाने आणखी निराळी वाटणी केली आहे. तेथे 'एम-१' आणि 'एम-२' हे यांत्रिक कामाचे दोन वर्ग आहेत. त्यांपैकी 'एम-२' मोठ्या प्रवासी विमानांचा. 'ई' वर्ग इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचा, आणि 'एस' वर्ग केवळ पत्र्याच्या व सांगाड्याच्या कामाचा.

एका बाबतीत मात्र अमेरिका आणि युरोप यांचे एकमत आहे. परवाना खिशात असून भागत नाही. मागच्या दोन वर्षांत किमान सहा महिने प्रत्यक्ष काम केलेले असले पाहिजे. हात मोडला की सहीही मोडली!

खारा वारा आणि न दिसणारी भेग

यांपैकी कोणती पद्धत चांगली? घाईने उत्तर देऊ नये. अपघात सर्व पद्धतींत झाले आहेत, आणि प्रत्येक पद्धत त्यांतून शिकली आहे.

वसईच्या समुद्रकाठच्या घरांतील लोखंडी खिडक्या किती लवकर गंजतात, हे तुम्ही पाहिले असेल. खाऱ्या, दमट हवेचा परिणाम विमानाच्या ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूवरही होतो. शिवाय प्रत्येक उड्डाणात विमानाचे पोट हवेच्या दाबाने किंचित फुगते आणि उतरल्यावर पुन्हा आकसते. तार वारंवार वाकवली की तुटते, तसाच हा प्रकार. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांतील अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग ७३७ विमानाच्या छताचा सुमारे साडेपाच मीटर लांबीचा भाग २४,००० फुटांवर उडून गेला. ते विमान १९ वर्षांचे होते आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर, खाऱ्या हवेत, त्याने ८९,००० हून अधिक उड्डाणे केली होती. विमान उतरले, पण एक हवाई सेविका प्राणास मुकली. पत्र्यांच्या सांध्यांतील गंज आणि रिव्हेटांजवळच्या बारीक भेगा तपासणीत हाती लागल्या नव्हत्या.

अशा घटनांनंतर तज्ज्ञांचे लक्ष यंत्राकडून माणसाकडे वळले. रात्रपाळीत डोळे किती चांगले पाहतात? तेच काम शंभरदा केल्यावर माणूस गाफील का होतो? कॅनडाच्या वाहतूक खात्यातील गॉर्डन ड्यूपाँट यांनी १९९३ मध्ये देखभालीच्या कामात चुका घडवणाऱ्या बारा कारणांची यादी तयार केली. थकवा, घाई, गाफीलपणा, लक्ष विचलित होणे, एकमेकांशी नीट न बोलणे अशी ती कारणे आहेत. ही यादी आज जगभरच्या हँगरमध्ये भिंतीवर लावलेली आढळते, आणि मानवी चुका हा परवान्याच्या अभ्यासातला स्वतंत्र विषय झाला आहे. वाटण्या निरनिराळ्या राहिल्या, पण या एका धड्यावर देश एकत्र आले.

परवाना परदेशी चालतो का?

वसई-विरारच्या पुष्कळ घरांतील कोणी ना कोणी आखाती देशांत किंवा आणखी दूर नोकरीला गेलेले असते. म्हणून हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. वैद्यकीची पदवी घेऊन परदेशी गेलेल्या डॉक्टरलाही तेथे पुन्हा परीक्षा द्यावी लागते, तसेच येथे आहे. भारतीय परवाना हा ज्ञानाचा आणि अनुभवाचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. पण दुसऱ्या देशाच्या विमानावर सही करण्यासाठी त्या देशाच्या अटी पुऱ्या कराव्या लागतात. अमेरिका तर आपल्या देशाबाहेर राहणाऱ्या परकी नागरिकाला मेकॅनिकचे प्रमाणपत्र तेव्हाच देते, जेव्हा तेथे अमेरिकी विमानांच्या देखभालीसाठी त्याची गरज असते.

हे केवळ आपल्याच वाट्याला येते असेही नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, आणि १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनने दिलेले परवाने युरोपीय संघाच्या विमानांसाठी ग्राह्य राहिले नाहीत. आदल्या रात्री ज्यांची सही चालत होती, त्यांची दुसऱ्या दिवशी चालेना. एका रात्रीत त्यांच्या हातातले कसब कमी झाले नव्हते. फक्त त्यांच्यासाठी जामीन राहणारे सरकार बदलले होते.

या क्षेत्रात यावेसे ज्यांना वाटते, त्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन बारावी झाल्यावर विमान-देखभालीचा शिक्षणक्रम घेता येतो. पण संस्थेचे प्रमाणपत्र वेगळे आणि परवाना वेगळा. परवान्याच्या परीक्षा महासंचालनालय घेते, आणि प्रत्यक्ष अनुभवाखेरीज परवाना मिळत नाही. म्हणून प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी ती संस्था महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत आहे का, आणि कोणत्या वर्गासाठी आहे, हे आईवडिलांना बरोबर घेऊन स्वतः पडताळून पाहावे. नुसत्या जाहिरातीवर विसंबू नये. यादी पाहून खात्री करण्याची सवय या धंद्यात पहिल्या दिवसापासून लागते ती अशी!

मराठी शाळेत शिकलेल्यांना इंग्रजी पुस्तकांची धास्ती वाटते. त्यांच्यासाठी एक दिलाशाची गोष्ट. विमानाच्या देखभालीच्या पुस्तकांसाठी १९८० च्या दशकात युरोपातील विमान उद्योगाने एक मुद्दाम सोपी केलेली इंग्रजी तयार केली. तीत शब्द मोजके असतात, वाक्ये आखूड असतात आणि एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ असतो. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसाला काम चुकीचे समजू नये, हाच तिचा हेतू.

करून पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेतून व्हर्निअर कॅलिपर मागून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातून ४ मिलिमीटर आणि ५ मिलिमीटर व्यासाचे बोल्ट आणा. ते मित्राच्या हातात एकेक करून द्या आणि नुसते पाहून कोणता जाड ते सांगायला लावा. आधी चांगल्या उजेडात, मग संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात, दोन बोल्टांमध्ये पाच मिनिटे जाऊ देऊन. किती वेळा उत्तर चुकते ते मांडून ठेवा. मग कॅलिपरने मोजा. साध्या कॅलिपरचे लघुतम माप ०.१ मिलिमीटर असते. त्या इंग्लंडमधल्या बोल्टांतला ०.६६ मिलिमीटरचा फरक त्यावर सहा घरांहून अधिक दिसला असता.

डोळ्याला जे 'सारखेच' वाटते, ते मोजून पाहायचे आणि मगच आपले नाव लिहायचे. परवान्यावर अक्षरे कोणत्याही देशाची असोत, त्यांच्यामागची अपेक्षा एवढीच आहे.